स्पीड १०० येतो, पण रात्री ९ नंतर पिंग २०० वर जातं. हे कुणाला पटवून सांगू?

प्रीतिसंगम (कराड) | ५ ऑगस्ट, रात्री ११.५२

नमस्कार मंडळी. आत्ताच डाव अर्ध्यात सुटला म्हणून उठलोय. डोकं तापलेलं आहे, लिहिताना कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या.

मी कराडला, मलकापूरच्या बाजूला राहतो. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी. धाकटा भाऊ पुण्यात हडपसरला आणि कॉलेजातला एक जिवलग नाशिकला. नोकऱ्या, पाळ्या, लहान मुलं या सगळ्यात भेट होते ती वर्षातून एकदा, तीही कुणाचं तरी कार्य असलं तर. म्हणून गेली ३ वर्षं रात्री ९ ते ११ ही वेळ आम्ही राखून ठेवली आहे. डिस्कॉर्ड ॲपवर बोलणं आणि समोर व्हॅलोरंट हा संघाने खेळायचा नेमबाजीचा ऑनलाइन गेम. आईच्या बीपीच्या गोळ्या बदलल्या हे भावाला मी तिथेच सांगितलं, आणि मित्राची नोकरी गेली तेव्हा तो पहिल्यांदा तिथेच बोलला. हे दोन तास माझ्यासाठी काय आहेत ते एवढ्यासाठी सांगतोय, की पुढे 'गेमच ना' असं कुणी म्हणू नये.

नेट आमच्या भागातल्या केबलवाल्याचं, फायबर. १०० एमबीपीएसचा प्लॅन, ७०० अधिक जीएसटी म्हणजे महिना ८२६ रुपये, आणि सहा महिन्यांचे ४,९५६ आगाऊ भरलेले. दिवसा काही म्हणजे काही तक्रार नाही. मुंबईच्या सर्व्हरला १६ पिंग मिळतं, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला १६ मिलिसेकंद. रात्री साडेआठ वाजले की कोपऱ्यातला आकडा हलायला लागतो. आधी ४०, मग ९०, आणि नऊच्या पुढे १४०, १८०, २१०.

आजचंच सांगतो. ११-११ चालू होतं. दोघेही गेलेले, संघात मी एकटा उरलो होतो, समोरही एकच जण. स्पाइक (गेममधला बॉम्ब) लावलेला. मी खोक्याच्या मागे बसून पावलं ऐकत होतो. तो जवळ आला, मी बाहेर डोकावायला बटण दाबलं आणि पडदा गोठला. कानात भावाचा आवाज तुटत तुटत येतोय, "दादा, भिंतीवर का धावतोयस? दादा, थांब, थांब." त्याला मी भिंतीला धडकत धावताना दिसत होतो, आणि माझ्या पडद्यावर मी अजून खोक्याआड बसलेलो. दोनेक सेकंदांनी चित्र हललं तेव्हा मी मेलेलो होतो. पुढच्या फेरीत कनेक्शनच गेलं. मध्येच बाहेर पडलो म्हणून रँकचे गुण माझे कापले आणि पुढच्या खेळाला थांबवूनही मलाच ठेवलं.

कस्टमर केअरला या महिन्याभरात तीनदा फोन केला. प्रत्येक वेळी तेच, "सर, स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट पाठवा." पाठवला, ९७ आला. "मग नेट व्यवस्थित आहे सर, गेमचा प्रॉब्लेम असेल." तक्रार बंद. लाइनमन एकदा येऊन गेला, पण दुपारी तीन वाजता. मोबाइलवर एक व्हिडिओ लावला, तो अडखळला नाही, म्हणाला चालतंय की. मी रात्रीचं सांगायला लागलो तर म्हणतो, "गेमच ना साहेब, एवढं काय."

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. दोष घरात आहे, तारेत आहे की त्यांच्याकडे, हे मी स्वतः कसं शोधू? आणि स्पीड १०० येत असताना नेट खराब आहे हे त्यांच्या गळी कसं उतरवू?

रात्रपाळी (नवी मुंबई) | ६ ऑगस्ट, पहाटे ४.२०

दादा, मी नेटवर्क मॉनिटरिंगमध्ये आहे, पाळीवरूनच लिहितोय.

तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे. स्पीड म्हणजे नळाची जाडी. पिंग म्हणजे नळ सोडल्यापासून पाणी यायला लागणारा वेळ. सिनेमा बघताना ॲप पुढचा काही सेकंदांचा भाग आधीच भरून ठेवतं, म्हणून मध्ये खंड पडला तरी कळत नाही. गेमला असं काही साठवता येत नाही, कारण पुढच्या क्षणी तुम्ही काय करणार हे अजून घडलेलंच नसतं. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा सगळं जग नव्याने मोजतो, म्हणजे साधारण पावणेआठ मिलिसेकंदांनी एकदा. तुमचं एक पॅकेट, म्हणजे माहितीची छोटी पुडी, १०० मिलिसेकंद उशिरा आलं तर मध्ये बारा-तेरा वेळा मोजणी होऊन गेलेली असते. लाइनमनचा व्हिडिओ या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही.

आणि अंतराचा मुद्दा कुणी काढला तर ऐकून घेऊ नका. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. कराड ते मुंबई धरा सव्वातीनशे किलोमीटर, जाऊन-येऊन साडेसहाशे, म्हणजे सव्वातीन मिलिसेकंद. तार वळणावळणाने गेली, मध्ये यंत्रं आली, तरी १५ च्या आसपास पिंग रास्त आहे आणि ते तुम्हाला दिवसा मिळतंच आहे. २०० पिंग तर सिंगापूरच्या सर्व्हरलाही लागू नये. रात्री तुमची पॅकेट्स कुठेतरी रांगेत उभी राहतात, एवढाच याचा अर्थ.

आता रांग कुठे लागते ते शोधायचं. लॅपटॉप वाय-फायवर असेल तर आधी तारेने जोडा. वाय-फायवर केलेली कुठलीही चाचणी ते मान्य करणार नाहीत, आणि त्यांचं ते बरोबरच आहे. मग कमांड प्रॉम्प्टच्या तीन काळ्या खिडक्या उघडून तीन पत्त्यांना सतत पिंग लावा. पहिला पत्ता तुमच्या राउटरचा, बहुतेक १९२.१६८.१.१. दुसरा ऑपरेटरच्या गेटवेचा, म्हणजे त्यांच्याकडच्या पहिल्या यंत्राचा. ट्रेसरूट (पॅकेट कुठल्या टप्प्यांवरून जातं ते दाखवणारी आज्ञा) केलं की राउटरनंतर जो पहिला पत्ता दिसतो तोच, कदाचित १०० ने सुरू होणारा असेल. तिसरा बाहेरचा, ८.८.८.८ चालेल. मोजा मात्र वेगवेगळ्या वेळी, आणि वहीत लिहून ठेवा. वार, वेळ, तिन्ही आकडे, किती टक्के पॅकेट गळाली, आणि बाहेर हवा कशी होती. हवेचं का म्हणतोय ते नंतर कळेल.

एक सावधगिरी. मधले काही राउटर पिंगला मुद्दाम कमी महत्त्व देतात. त्यामुळे मधल्याच एखाद्या टप्प्यावर गळती दिसली आणि पुढच्या टप्प्यांवर नसली, तर ती गळती नव्हे. ती पुढे शेवटपर्यंत चालू राहिली तरच खरी. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या तक्रारी पहिल्याच फोनवर मोडीत निघताना मी पाहिल्या आहेत.

घरात रात्री मोबाइलचे फोटो बॅकअप होत असतात का, कॅमेरा लावला आहे का, हेही बघा. एकाच उपकरणाने अपलोड भरून टाकला तर राउटरच्या पोटात रांग लागते आणि गेमचं इवलंसं पॅकेट तिच्या शेपटाला जाऊन उभं राहतं. बफरब्लोट म्हणतात त्याला.

प्रीतिसंगम (कराड) | १२ ऑगस्ट, रात्री १०.३०

रात्रपाळीदादा, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. बाजारातून २० मीटर कॅट-६ केबल आणली, हॉलमधून खोलीपर्यंत दाराच्या चौकटीवरून खिळे मारून नेली. बायकोने विचारलंही नाही, उलट शिडी धरली. आठवडाभर वही भरली. सगळं उतरवत नाही, नमुन्यापुरतं देतो. आकडे क्रमाने राउटर, गेटवे, बाहेर.

७ तारीख, पहाटे ५.३०, कोरडं. १, ३, १४. गळती शून्य.
७ तारीख, दुपारी ४.१०, जोराचा पाऊस आणि वारा. १, ३, १५. गळती ७ टक्के, आणि ती गेटवेपासूनच सुरू.
७ तारीख, रात्री ९.१५, पाऊस थांबलेला. १, ४, १३८. गळती ३ टक्के, पण फक्त बाहेरच्या पत्त्यावर.
१० तारीख, रविवार, रात्री ९.४०, कोरडं. १, ४, २०४. गळती ५ टक्के, तीही बाहेरच.
११ तारीख, दुपारी १२.३०, ऊन. १, ३, १४. शून्य.

घरातलं सगळं बंद करूनही पाहिलं. टीव्ही, दोन्ही मोबाइल, सगळं. फक्त लॅपटॉप आणि तार. रात्रीचा आकडा जागचा हलत नाही.

लॅबमध्ये हंगामात रोज उसाच्या रसाचं ब्रिक्स आणि पोल (विरघळलेले घटक आणि साखर) काढतो आम्ही. एकाच नमुन्यावर कधी निष्कर्ष काढत नाही. हे काम करताना पहिल्यांदाच वाटलं की माझ्या हातात काहीतरी आहे. पण वाचता येत नाहीये. पावसाचं आणि रात्रीचं मला एकात एक मिसळलेलं दिसतंय.

खांबावरचा (तासगाव) | १२ ऑगस्ट, रात्री ११.१५

मिसळलेलं नाहीये भावा. तुझ्या वहीत दोन वेगळे आजार आहेत. ११ वर्षं केबल ओढली, स्प्लायसिंग (फायबरचे जोड मारणं) केलं, आता दुकान टाकलंय. तुझा कागद बघून मला खांब दिसायला लागला.

पहिला आजार पावसातला. गेटवेपर्यंतच गळती, पिंग मात्र ३. म्हणजे रांग नाही, प्रकाशच कमी पोचतोय. राउटरच्या पानावर पीओएन किंवा ऑप्टिकल असं काहीतरी असेल, तिथे आरएक्स पॉवर, म्हणजे प्रकाश किती पोचतोय ते, बघ. उणे १८ ते उणे २४ डीबीएम असेल तर झकास. उणे २७ च्या खाली गेलं की डबा चाचपडायला लागतो. कोरड्यात एकदा बघ, पावसात एकदा बघ. फरक पडला तर खांबावरच्या जॉइंट बॉक्समध्ये दोष आहे. आपल्याकडे घाईच्या वेळी मशिनने जोड न मारता फास्ट कनेक्टर लावून देतात. बॉक्सचं झाकण नीट लागलं नाही की आत पाणी, माती, मुंग्या. वाऱ्याने तार हलली की कनेक्टरही हलतो. मीही घाईत असे जोड मारलेत, पावसाळ्यात तेच परत करायला लागायचे.

दुसरा आजार रात्रीचा. गेटवे ४ आणि बाहेर दोनशे, म्हणजे तुझ्या घरापासून ऑपरेटरच्या खोलीपर्यंत रस्ता मोकळा आहे. खोलीतून बाहेर जाणारा पाइप भरलाय. ऑपरेटर वरच्या कंपनीकडून ठरावीक बँडविड्थ घेतो आणि घराघरांत वाटतो. सगळे एकाच वेळी १०० वापरत नाहीत या हिशोबावर धंदा चालतो. त्यात लबाडी नाही, सगळीकडे असंच असतं. पण घरं वाढली आणि लिंक तेवढीच राहिली, की रात्री जेवणं उरकून गाव टीव्हीसमोर बसतं तेव्हा तुंबतं. स्पीड टेस्टचा सर्व्हर पुष्कळदा ऑपरेटरच्या घरातच असतो, म्हणून तिथे ९७ दिसतं. तो आकडा तुंबलेल्या पाइपातून जातच नाही.

लाइनमनवर राग धरू नकोस. त्याच्याकडे पॉवर मीटर आणि मोबाइल एवढंच असतं. रात्रीचा पाइप त्याच्या हातातला नाही. पण पॉवर मीटर आहे, तेव्हा पहिला आजार तो तासाभरात बरा करू शकतो. फोन करताना 'गेम' हा शब्द काढू नकोस. "पावसात आरएक्स पॉवर उणे अमुक होते, जॉइंट बघा" एवढंच सांग, बघ कसा येतो.

पांढरं_प्यादं (रत्नागिरी) | १३ ऑगस्ट, सकाळी ७.०५

गेम हा शब्द काढू नका हे मला पटत नाही. मी ऑनलाइन बुद्धिबळ खेळते, दहा मिनिटांचे डाव. वय ५८. नेट गेलं तरी आपलं घड्याळ चालूच राहतं. हत्ती जास्त असताना वेळेवर हरलेले डाव मला आजही जसेच्या तसे मांडून दाखवता येतील. आपण ज्यासाठी पैसे भरतो ते सांगायला लाजायचं कशाला?

आता कामाचं. मी गेल्या वर्षी हे पुरतं लढवलं, म्हणून सांगते. तुमची पावती काढा आणि वरच्या बाजूला कुठल्या कंपनीचं नाव आहे ते बघा. पुष्कळदा केबलवाला फक्त फ्रँचायझी असतो, परवाना वरच्या कंपनीचा असतो. तक्रार तिच्याकडे नोंदवायची आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मागून घ्यायचा. फोनवर "नोंदवली" म्हणतात आणि नंबर देत नाहीत, तेव्हा नंबर मिळेपर्यंत फोन ठेवायचा नाही. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत दोन पायऱ्या आहेत. तक्रारीचं समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. मला तिथवर जावं लागलं नाही, अपिलाचं पत्र मेलवर टाकलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मालकाचा स्वतःचा फोन आला.

१ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायचे सेवेच्या दर्जाचे नवे नियम लागू आहेत. घरच्या ब्रॉडबँडसाठी लेटन्सी (उशीर), जिटर (त्या उशिरातला चढउतार) आणि पॅकेट ड्रॉप (गळती) ही मोजमापं त्यात लिहिलेली आहेत. "स्पीड येतोय ना" हे उत्तर म्हणून पुरेसं नाही, हे पत्रात या शब्दांसकट लिहा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि ग्राहक आयोगात टेलिकॉमच्या तक्रारी चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे, त्यामुळे "आमच्यावर तिथे केस होत नाही" असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका.

तुमच्या वहीच्या पानांचे फोटो पत्राला जोडा. ती वही वाचून मला फार बरं वाटलं.

रात्रपाळी (नवी मुंबई) | १३ ऑगस्ट, दुपारी २.४०

ताईंचं बरोबर आहे. दादा, दोन्ही दोषांची दोन वेगळी डॉकेट घ्या. एकत्र दिलीत तर जॉइंट दुरुस्त करून दोन्ही बंद करतील.

प्रीतिसंगम (कराड) | २४ ऑगस्ट, रात्री ८.५५

उशिरा कळवतोय, कामात होतो. आधी जॉइंटचं.

आरएक्स पॉवर कोरड्यात उणे २५.९ होती. १४ तारखेला पाऊस लागला तेव्हा उणे २८.४. फोटो काढला, खांबावरच्या भाऊंनी सांगितलं तसं एका वाक्यात सांगितलं. (ताई, तुमचा मान राखून. पत्रात मी गेम हा शब्द लिहिलाय, आणि ठळक लिहिलाय.) दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच लाइनमन आला. मी छत्री आणि बॅटरी घेऊन सोबत गेलो. कोपऱ्यावरच्या खांबावर शिडी लावून त्याने बॉक्स उघडला, तर आतून आधी पाणी सांडलं, मग कुजलेली पानं. माझ्या तारेचा हिरवा कनेक्टर चिखलाने माखलेला, आणि तार झाकणात चेमटून इतकी वाकलेली की मलासुद्धा ते बघून कळलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग खाली उतरून मोटरसायकलवरून मशिन घेऊन आला, माझ्या ओट्यावर बसून तार सोलली, पुसली, जोड मारला. पॉवर मीटर माझ्याकडे वळवून दाखवलं. उणे २०.६. म्हणाला, "हे खरंच आमच्याकडून राहिलं होतं." आईने त्याला चहा दिला. त्याच खांबावरच्या आणखी दोन घरांचे जोडही त्याने त्याच दिवशी बदलले, मी सांगितलं नव्हतं तरी. त्यानंतर दोनदा चांगला पाऊस झाला, गळती शून्य.

रात्रीचं अजून पुरतं मिटलेलं नाही. दुसऱ्या डॉकेटवर "समाधान झाले" असा मेसेज आला, मी लगेच अपील टाकलं, वहीची नऊ पानं जोडून. २० तारखेला मालकाचा फोन आला. सुरुवात चढ्या आवाजात झाली. मी फक्त आकडे वाचत गेलो. वार, वेळ, गेटवे ४, बाहेर २०४. पाचव्या ओळीला त्यांचा आवाज खाली आला. म्हणाले, १ गिगाबिटची एकच लिंक आहे आणि त्यावर ४३० घरं झालीत. दुसरी लिंक मागवली आहे, वरून यायला महिना लागेल. तोवर आमच्या गल्लीचा ट्रॅफिक दुसऱ्या रस्त्याने वळवून बघतो म्हणाले. अपील मी मागे घेतलेलं नाही. लिंक लागली आणि आठवडाभर आकडे नीट आले की घेईन, हे त्यांना तसंच सांगितलंय.

परवापासून फरक आहे. काल शनिवारी नऊ वाजता ३८, साडेनऊला ५२, एकदाच ९० ला जाऊन खाली आलं. तीन डाव खेळलो. एक हरलो, तो माझ्या चुकीने, मी उगाच एकटा पुढे घुसलो म्हणून. भाऊ गणपतीला घरी येतोय, त्यालाही वही बघायची आहे. नाशिकच्या मित्राला नवी नोकरी लागली, ते कालच कळलं, एका दमात, न तुटता.

खांबावरच्या भाऊंनी विचारण्याआधीच सांगतो. आज, आत्ता, ८.५०. कोरडं. १, ३, २९. गळती शून्य. लिहून ठेवलं. आता उठतो, दोघं लॉबीत येऊन थांबलेत.